ऑनलाइन फॅशन डिझाइन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात माझ्या घराच्या पुढच्या खोलीत सहा मशिनी आणि एक लांबलचक कटिंग टेबल आहे. शनिवार-रविवार तिथे शिकवणी चालते. गेल्या काही वर्षांत येणारी निम्मी मुलं-मुली आधी कुठला ना कुठला ऑनलाइन कोर्स करून आलेली असतात. लॅपटॉपवर सुंदर स्केचेस असतात, पण कापडावर कात्री ठेवली की हात थरथरतो. त्यांचे, त्यांच्या आयांचे आणि सांगली, परभणी, मडगावहून फोनवर येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी स्वतः कुठलाही ऑनलाइन कोर्स विकत नाही, त्यामुळे काही उत्तरं फटकळ वाटली तर चालवून घ्या.

फॅशन डिझाइन खरंच ऑनलाइन शिकता येतं का?

अर्धं येतं. रेखाटन, रंगसंगती, वेशभूषेचा इतिहास, सॉफ्टवेअर, किंमत काढणं, फोटो कसे काढावेत, माल कसा विकावा, हे सगळं पडद्यावर उत्तम शिकता येतं. काही बाबतीत तर वर्गापेक्षा चांगलं, कारण कॉलर लावायचा व्हिडिओ दहा वेळा मागे नेऊन बघता येतो. मास्टरांना दहा वेळा विचारलं तर ते काय म्हणतील ते तुम्हाला माहीत आहे.

उरलेलं अर्धं हाताचं काम. शिफॉन मशीनखाली कसं पळतं, उरेब (तिरकं धरलेलं) कापड ओढलं की कसं वाढतं, बाही मुंढ्यात (खांदा-काखेच्या गोलाईत) बसवताना चुणी का पडते, हे बघून कळत नाही. तिथे कापड फुकट घालवावंच लागतं. म्हणून माझा हिशेब साधा आहे : कोर्सच्या फीएवढेच पैसे कापड, धागे आणि चुकांसाठी बाजूला काढता येत असतील तरच कोर्स घ्या. नसतील तर स्वस्तातला कोर्स घ्या आणि उरलेल्या पैशांचं मांजरपाट (कोरं, जाडसर सुती कापड) आणा.

मला शिवणकाम येत नाही. आधी ते शिकू का?

दोन्ही एकदम सुरू करा. 'डिझायनर शिवत नाही, शिवून घेतो' असं पुष्कळ लोक ऐकवतात. मोठ्या डिझायनरच्या बाबतीत ते खरंही असतं, पण त्याच्या हाताखाली पॅटर्न मास्टर, कटर आणि कारागीर असतात. तुमच्याकडे कोपऱ्यावरचा टेलर असणार आहे. त्याला 'हे बसत नाही' एवढंच सांगता येत असेल, तर तो 'असंच असतं मॅडम' म्हणून मोकळा होईल. 'मागचा मुंढा पाव इंच खोल घ्या' असं सांगितलंत तर तो चष्मा काढून तुमच्याकडे बघेल.

जवळपास चांगला टेलर असेल तर त्यालाच विचारा : दोन महिने संध्याकाळी येऊन बसू का? काज-बटण, हेम, फॉल, अशी कामं करून देते. बहुतेक जण हो म्हणतात. माझ्या मते कुठल्याही ऑनलाइन कोर्सला याच्याइतकी चांगली जोड दुसरी नाही.

आणि चित्रकला? माझी माणसं बटाट्यासारखी दिसतात.

दिसू द्या. फॅशनच्या रेखाटनाचे दोन प्रकार आहेत. एक म्हणजे लांब पायांची, डौलदार आकृती. ती मन वेधायला असते, आणि तिचे छापील साचे मिळतात, त्यावर गिरवलं तरी कुणी पाप म्हणत नाही. दुसरं म्हणजे सपाट तांत्रिक रेखाटन, ज्यात कपडा जमिनीवर पसरल्यासारखा दिसतो आणि प्रत्येक टीप, प्रत्येक गुंडी, चेन आणि खिसा कुठे आहे ते कळतं. कारखान्यात हे दुसरं चालतं. त्यासाठी चित्रकाराचा हात लागत नाही, पट्टी आणि नेटकेपणा लागतो.

गणित लागतं का?

दहावीचं लागतं, आणि तेही वर्तुळाचं. २८ इंच कमरेचा पूर्ण घेराचा स्कर्ट काढायचा असेल तर कंबर भागिले ६.२८, म्हणजे साधारण साडेचार इंच त्रिज्या. लांबी ३६ इंच हवी, म्हणजे बाहेरची त्रिज्या साडेचाळीस आणि पूर्ण वर्तुळ ८१ इंचांचं. तुमच्या कापडाचा पन्हा ४४ इंच. झालं ना गणित सुरू? आता दोन अर्धवर्तुळं कापून बाजूला जोड द्यायचा. त्याला १६२ इंच, म्हणजे सुमारे ४.१ मीटर कापड लागेल, माया (शिलाईसाठी सोडलेलं जादा कापड) वेगळी. आणि खाली लेस लावायची म्हणालात तर घेर जवळजवळ साडेसहा मीटर. दुकानात उभं राहून हा हिशेब करता आला नाही, तर एक तर कापड कमी पडतं किंवा दीड मीटर उरतं आणि कपाटात वर्षानुवर्षं पडून राहतं. माझ्याकडे अशा तुकड्यांची एक अख्खी पेटी आहे.

कोर्स निवडताना काय पाहायचं?

पहिली गोष्ट : तुमचं काम कोण तपासणार? 'सहा महिन्यांत शंभर व्हिडिओ' ही जाहिरात ऐकायला भारी, पण व्हिडिओ फुकटही मिळतात. पैसे द्यायचे ते तुम्ही शिवलेल्या ब्लाउजचा फोटो बघून 'टक्सचं (आकार देणाऱ्या चुणीचं) टोक एक इंच अलीकडे थांबव' असं सांगणाऱ्या माणसाला. फी भरण्याआधी विचारा की दर आठवड्याला किती कामं तपासली जातात, एका शिक्षकाकडे किती विद्यार्थी आहेत, आणि जुन्या विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष शिवलेले कपडे दाखवता का. फक्त स्केचेस दाखवली तर समजून घ्या.

दुसरी गोष्ट फीची. 'सोपे हप्ते' म्हणजे पुष्कळदा तुमच्या किंवा वडिलांच्या नावावर एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं. कोर्स मध्येच सोडला तरी हप्ते थांबत नाहीत. माझ्याकडे आलेल्या एका मुलीचा असाच एक कोर्स दुसऱ्या महिन्यात बंद पडला आणि हप्ते पुढे वर्षभर चालू राहिले. सही करण्याआधी कागद घरातल्या कुणा शहाण्या माणसाला वाचायला द्या.

तिसरी : 'शंभर टक्के नोकरीची हमी' असं लिहिलेलं दिसलं की पान उलटा.

फुकटात काय शिकता येईल?

खूप. केंद्र सरकारच्या 'स्वयं' या मंचावर वस्त्रविज्ञानाचे अभ्यासक्रम येतात, त्यात आयआयटी दिल्लीच्या प्राध्यापकांची व्याख्यानंही आहेत. ती तांत्रिक आहेत, इंग्रजीत आहेत आणि थोडी रुक्ष आहेत, पण सूत कसं बनतं आणि विणीचे प्रकार कोणते हे एकदा नीट कळलं की दुकानदार तुम्हाला गंडवू शकत नाही. शिकणं मोफत असतं, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर शुल्क भरायचं. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टचा 'फॅशन ॲज डिझाइन' हा अभ्यासक्रम कोर्सेरा या संकेतस्थळावर आहे. रोजचा टी-शर्ट, जीन्स, साडी यांच्याकडे बघायची नजर त्यातून मिळते. लंडन कॉलेज ऑफ फॅशननं केरिंग कंपनीबरोबर मिळून केलेला शाश्वत फॅशनचा अभ्यासक्रम फ्युचरलर्न या तशाच संकेतस्थळावर आला होता, तोही चांगला आहे.

शिवणकामासाठी मात्र मराठी आणि हिंदी यूट्यूबच बघा. कटोरी ब्लाउज, परकर-पोलकं, शिवलेली नऊवारी हे विषय परदेशी शिक्षक शिकवणार नाहीत.

ऑनलाइन पदवीला किंमत आहे का?

पदवी असेल तर ती देणाऱ्या विद्यापीठाला यूजीसीची (विद्यापीठ अनुदान आयोगाची) मान्यता हवी, आणि नुसत्या विद्यापीठाला असून भागत नाही. त्या अभ्यासक्रमाला, ऑनलाइन पद्धतीला आणि त्या प्रवेशवर्षाला हवी. यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर यादी असते, तिथे स्वतः बघा. प्रवेश सल्लागारानं पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर विश्वास ठेवू नका.

बाकीची सर्टिफिकेटं भिंतीला शोभतात. खाजगी नोकरीत मला तरी आजवर कुणी सर्टिफिकेट बघून माणूस घेतलेला दिसला नाही. काम बघतात. पुढे सरकारी शाळेत शिकवायचं असेल किंवा परदेशी शिकायला जायचं असेल तर गोष्ट वेगळी, तिथे मान्य पदवीच लागते.

मग निफ्ट? तेही ऑनलाइन होतं का?

निफ्ट म्हणजे नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ फॅशन टेक्नॉलॉजी. तिची स्थापना १९८६ची, ती केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालयाखाली येते आणि २००६च्या कायद्यानं तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. आपल्याकडचं केंद्र खारघरला आहे. चार वर्षांचा बी.डेस. (डिझाइनची पदवी) तिथे हजर राहूनच करायचा असतो. प्रवेशपरीक्षेच्या तयारीसाठी ऑनलाइन वर्ग उपयोगी पडतात, पण परीक्षेचा एक टप्पा असा असतो की समोर साहित्य ठेवतात आणि त्यातून वस्तू करून दाखवायची. म्हणजे पुन्हा हात आलेच.

निफ्टची फी परवडत नसेल तर जग संपत नाही. आयटीआयमध्ये शिवणकामाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम असतो. त्याचं नाव घेतलं की पालक नाक मुरडतात. का, ते मला कधी कळलं नाही. एक वर्षभर रोज मशीनवर बसायला मिळतं, तेही नाममात्र फीमध्ये. तंत्रशिक्षण मंडळाची ड्रेस डिझायनिंगची पदविका आहे. मुलींसाठी एसएनडीटी विद्यापीठ आहे, महर्षी कर्व्यांनी १९१६ साली सुरू केलेलं. आयटीआय सकाळी आणि ऑनलाइन डिझाइन संध्याकाळी, ही जोडी मी दोन-तीन जणांना सुचवली आणि ती जमली.

मशीन आणि लॅपटॉप, दोन्ही लगेच घ्यावं का?

मशीन लगेच, लॅपटॉप नंतर. सुरुवातीला सरळ टीप मारणारं साधं घरगुती मशीन पुरे. आजीचं काळं पायाचं मशीन माळ्यावर असेल तर उतरवा, तेल घाला, पट्टा बदला. ते ज्या गतीनं चालतं ती शिकणाऱ्याला फार सोयीची असते. नंतर काम वाढलं की 'जुकी' घ्या (आपल्याकडे कुठल्याही कंपनीच्या कारखानी मशीनला जुकीच म्हणतात), आणि घेताना सर्वो मोटरची घ्या. आवाज कमी, वीज कमी, खालचे शेजारी खूश. ओव्हरलॉक (कडेचे धागे सुटू नयेत म्हणून मारायची शिलाई) सुरुवातीला बाहेरून करून घ्या.

सुईकडे कुणी लक्ष देत नाही. ऑर्गंझाला ९ किंवा ११ नंबर, सुतीला १४, डेनिमला १६. निम्म्या 'मशीन बिघडलंय' तक्रारी सुई बदलली की मिटतात.

सॉफ्टवेअर शिकायला इंकस्केप आणि क्रिटा मोफत आहेत, पॅटर्न काढायला सीमली टूडी आहे. नोकरी करायची असेल तर पुढे इलस्ट्रेटर शिकावंच लागेल. कपडा संगणकावरच शिवून आकृतीला चढवून दाखवणारी क्लो किंवा ब्राउझवेअरसारखी थ्रीडी सॉफ्टवेअरं निर्यात करणाऱ्या कंपन्या वापरतात, कारण नमुन्याच्या फेऱ्या वाचतात. त्यांना तगडा लॅपटॉप लागतो. पण ज्यानं कधी मुंढा शिवलेला नाही त्याला पडद्यावरचा मुंढा चुकलाय हेही कळत नाही.

पडद्यावर कापड कसं ओळखायचं?

ओळखता येत नाही, आणि ऑनलाइन कोर्सची ही सगळ्यात मोठी उणीव आहे. त्यावर उपाय एकच, स्वतःची तुकड्यांची वही. मुंबईत असाल तर मंगळदास मार्केट आणि दादरचं हिंदमाता, पुण्यात असाल तर रविवार पेठेतलं कापडगंज आणि लेस-बटणांसाठी बोहरी आळी. प्रत्येक भेटीत चार-पाच तुकडे मागून घ्या, वहीत डकवा, शेजारी नाव, पन्हा, भाव आणि तारीख लिहा. निम्मा तुकडा धुऊन परत शेजारी लावा. आटलेलं, रंग गेलेलं, सुरकुतलेलं कापड समोरासमोर दिसतं तेव्हा जे कळतं ते कुठल्याही व्याख्यानात कळत नाही. दुपारी दोनच्या सुमारास जा, सकाळी घाऊक गिऱ्हाईक असतं आणि तुकडे मागणाऱ्याला कुणी उभं करत नाही.

मग जाळून बघा. स्टीलच्या ताटलीत, दोन-चार धागे काढून, मोठं कुणीतरी शेजारी असताना. सुती धागा कागदासारखा जळतो, वासही कागदाचा, राख मऊ आणि करडी. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं, ज्योत काढली की विझतं आणि उरलेली काळी गोळी बोटानं चुरते. पॉलिस्टर वितळतं, आक्रसतं आणि टणक मणी उरतो. व्हिस्कोज मात्र सुतीसारखंच जळतं, तिथे फसगत होते. त्यासाठी धागा ओला करून ओढा : व्हिस्कोज भिजलं की कमकुवत होतं, पटकन तुटतं.

याच नजरेनं घरातली पैठणी उलटी करून बघा. हातमागावरच्या खऱ्या पैठणीच्या पदराची मागची बाजू पुढच्यासारखीच दिसते, सुटे लोंबते धागे नसतात. आज बाजारात 'खण' म्हणून मिळणारं पुष्कळ कापड यंत्रमागावरचं पॉलिस्टर असतं, मूळ खण कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा. तुमच्या पहिल्या ग्राहकाला तुम्ही काय विकताय हे तुम्हाला तरी माहीत हवं.

कोर्समध्ये सांगितल्याप्रमाणे पॅटर्न काढला, तरी ब्लाउज बसत नाही. माझं काय चुकतंय?

बहुधा तुमचं काही चुकत नाहीये. पुष्कळ कोर्स परदेशी पुस्तकांतला मूळ ढाचा शिकवतात. त्यात अंगापेक्षा दोन-तीन इंच सैलपणा धरलेला असतो, कारण तो ड्रेससाठी आहे. आपला साडीवरचा ब्लाउज अंगासरशी हवा, सैलपणा जेमतेम. तोच ढाचा वापरला की काखेत कापड गोळा होतं आणि गळा पुढे झुकला की उघडा पडतो.

दुसरा फरक मायेचा. तयार कपड्यांच्या पद्धतीत शिलाईला अर्धा इंच माया सोडायला शिकवतात. आपले टेलर ब्लाउजच्या बाजूला दीड-दोन इंच सोडतात, का? कारण तो ब्लाउज लग्नात शिवला जातो, बाळंतपणानंतर उसवला जातो आणि पुढे धाकटी जाऊ घालते. ही माया हा निष्काळजीपणा नाही, डिझाइन आहे. कोर्समधल्या शिक्षिकेनं ती 'जास्तीची' म्हणून खोडली तर नम्रपणे वाद घाला.

तिसरी अडचण मापांची. तयार कपड्यांचे साइझ चार्ट आपल्याकडे मुख्यतः ब्रिटिश-अमेरिकी मापांवरून आले. भारतीय अंगाची स्वतःची मापं असावीत म्हणून निफ्टनं 'इंडिया साइझ' हा प्रकल्प हाती घेतला, वेगवेगळ्या शहरांत २५ हजारांहून जास्त लोकांची मापं थ्रीडी स्कॅनरनं घेण्याचं लक्ष्य ठेवून. तुम्हीही तुमच्याच घरातल्या, चाळीतल्या, सोसायटीतल्या पंधरा-वीस बायकांची मापं घ्या आणि तक्ता करा. छाती ३६ असलेल्या पाच बायकांचे खांदे पाच प्रकारचे निघतील.

सरावासाठी पॅटर्न आधी अर्ध्या मापात काढा आणि मांजरपाटावर शिवा. कापड एक चतुर्थांश लागतं आणि चूक पूर्ण दिसते. पुतळा महाग वाटत असेल तर जुना टी-शर्ट घालून अंगावर ब्राऊन टेप घट्ट गुंडाळून घ्या, मागून कापून उतरवा, पुन्हा जोडा आणि आत चिंध्या भरा. दोघींचं काम आहे, आणि ज्या दिवशी करायचं त्या दिवशी दुपारी कमी जेवा.

रोज किती वेळ द्यावा?

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून रोज दीड तास, आणि रविवारी सलग चार. व्हिडिओ बघण्याला एक तास दिला तर हाताला दोन द्या. उलटं प्रमाण झालं की माणूस कोर्स 'पूर्ण' करतो, कपडा मात्र एकही पूर्ण होत नाही.

आता एआय एका मिनिटात पन्नास ड्रेस काढून देतं. मग हे शिकून काय उपयोग?

परवा एका विद्यार्थ्यानं असं एक चित्र दाखवलं. सुंदर गाऊन, अंगासरशी, बंद गळा, मागे पाठभर भरतकाम. मी विचारलं, चेन कुठे आहे? त्यानं चित्र मोठं केलं, फिरवलं. चेन नव्हती, बटणं नव्हती, बाजूला उघड नव्हती. म्हणजे तो घालायचा कसा? कल्पना सुचवायला, रंग बदलून बघायला ही साधनं झकास आहेत, मीही वापरते. पण चित्रातला कपडा माणसाच्या डोक्यातून खाली उतरवायचं काम अजून आपल्याकडेच आहे.

पोर्टफोलिओत (कामाच्या नमुन्यांच्या संग्रहात) काय असावं?

वीस स्केचेसपेक्षा चार पूर्ण केलेले कपडे. प्रत्येकाबरोबर कापडाचा तुकडा, तांत्रिक रेखाटन, पॅटर्नचा फोटो, मांजरपाटाचा पहिला प्रयत्न आणि काय चुकलं होतं ते. चुकलेलं लपवू नका, मुलाखत घेणारा तिथेच थांबून वाचतो.

विषय दूरचे शोधू नका. पॅरिसच्या रस्त्यांवरून सुचलेलं कलेक्शन मी इतकं पाहिलंय की आता आयफेल टॉवर दिसला की झोप येते. गोव्याचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी गोव्यातली चौकडीची कुणबी साडी पुन्हा विणून घेतली आणि रॅम्पवर आणली. ती साडी शेतात राबणाऱ्या बायकांची होती. तुमच्या आजूबाजूला इरकल आहे, विदर्भातली करवत काठी आहे, संभाजीनगरचं हिमरू आहे, धनगराची घोंगडी आहे, कोळणीची साडी नेसायची तऱ्हा आहे. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीत राहत असाल तर सकाळी उठल्यापासून माग ऐकू येतो, त्याचं काहीतरी करा.

काम कुठे मिळतं?

'डिझायनर' या एकाच पाटीकडे बघू नका. कारखान्यांना पॅटर्न मास्टर, नमुने करणारे, दर्जा तपासणारे लागतात. निर्यातदारांना मर्चंडायझर लागतात, म्हणजे ग्राहक, कापडवाला आणि कारखाना यांच्यात दिवसभर फोनवर असणारी माणसं. सोलापुरात गणवेशांचा मोठा उद्योग आहे, उल्हासनगरात जीन्सचा. गणवेश म्हटलं की मुलं तोंड वाकडं करतात, पण हजारो मुलांच्या अंगाला बसणारी, रोज धुतली जाणारी, खिसा न फाटणारी पँट काढणं हे गाऊनपेक्षा अवघड आहे.

नाटक, मालिका आणि सिनेमा हा वेगळा रस्ता. भानू अथय्या कोल्हापूरच्या, जे.जे.मध्ये चित्रकला शिकलेल्या, मासिकांसाठी फॅशनची रेखाटनं करत करत वेशभूषेकडे वळल्या आणि १९८३ साली ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. तिथे शिरायचं तर हौशी रंगभूमीपासून सुरुवात करा. एकांकिका स्पर्धांच्या मोसमात वेशभूषेला माणूस कुणालाच मिळत नसतो. पैसेही मिळत नाहीत, हे आधीच सांगते. पण दोन प्रवेशांच्या मधल्या दीड मिनिटात नऊवारी बदलता यावी अशी ती कशी शिवायची, हे तिथेच कळतं.

मला स्वतःचा ब्रँड काढायचाय. किंमत कशी लावू?

एका कुर्त्याचा उदाहरणादाखल हिशेब करू. कापड अडीच मीटर, १८० रुपये दरानं ४५०. अस्तर १००. लेस, बटणं, धागा ६०. शिलाई ३५०. इस्त्री, टॅग, पिशवी ४०. झाले १,०००. तुम्ही १,२०० ला विकलात आणि दोनशे सुटले म्हणून खूश झालात. दहा कुर्ते केले, नऊ विकले गेले, एक माप न बसल्यानं परत आला आणि पडून राहिला. सगळे गेले असते तर नफा दोन हजार होता. आता हातात आठशे, आणि कपाटात एक कुर्ता. यात तुमचा वेळ, वीज, फोटो आणि कुरिअर धरलेलंच नाही.

म्हणून खर्चाच्या दुपटीच्या खाली सुरुवात करू नका. महाग वाटलं तर डिझाइन सोपं करा, किंमत पाडू नका. मावशी-काकूंना फुकट शिवून देणं पहिल्या तीन कपड्यांनंतर बंद.

कागदपत्रांचं थोडक्यात : उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मोफत होते, त्यासाठी कुणाला पैसे देऊ नका. फक्त माल विकत असाल तर जीएसटीची मर्यादा वर्षाला ४० लाख आहे, सेवेला २० लाख. पण संकेतस्थळांमार्फत परराज्यात माल पाठवायचा तर नोंदणी आधीच लागते, तिथे सीएला विचारा. नोंदणी झाली की लक्षात ठेवा, २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याला ५ टक्के आणि त्यावरच्याला १८ टक्के कर आहे. २,६०० चा कुर्ता म्हणूनच विचार करून ठेवावा. स्वतः शिवणकाम करणाऱ्यांना पीएम विश्वकर्मा योजनेत दर्जी या व्यवसायाखाली प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजार आणि ५ टक्के व्याजानं पहिलं एक लाखापर्यंतचं कर्ज मिळू शकतं.

इन्स्टाग्रामवर टाकलेलं डिझाइन कुणी चोरलं तर?

चोरतील. २०००च्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी केली तर दहा वर्षं संरक्षण मिळतं, पुढे पाच वर्षं वाढवता येतं. नोंदणीयोग्य डिझाइन नोंदवलंच नाही आणि यंत्रानं त्याच्या पन्नासहून जास्त प्रती काढल्या, तर कॉपीराइटचा हक्कही संपतो. आणि नोंदणी माल बाजारात आणण्याआधी, फोटो टाकण्याआधी करायची असते. पण खरं सांगू? वर्षाला तीस कुर्ते करणाऱ्यानं प्रत्येक डिझाइन नोंदवत बसण्यापेक्षा पुढचं काढावं. अंगरखा, नऊवारी, कटोरी यांवर तर कुणाचीच मालकी नाही.

वय ४२ आहे. पंधरा वर्षं ब्लाउज शिवतेय. आता शिकून उपयोग आहे का?

ताई, तुम्हाला तर सगळ्यात जास्त. तुमचा हात तयार आहे, कोर्समधली वीस वर्षांची पोरं जे शिकायला धडपडतायत ते तुम्ही डोळे मिटून करता. तुम्हाला रेखाटन, रंग, फोटो आणि किंमत लावणं एवढंच शिकायचंय, आणि ते पडद्यावर छान शिकता येतं. लांबलचक डिप्लोमा घेऊ नका, छोटे दोन-तीन कोर्स घ्या.

मी मुलगा आहे. लोक हसतात.

गावातला टेलर कोण असतो? त्याला हसतात का?

घरचे म्हणतात, 'इतकं शिकवलं ते टेलरकी करायला?' काय सांगू?

सांगू काही नका, वडिलांना शर्ट शिवून द्या. माझ्या एका विद्यार्थ्यानं तेच केलं. शर्ट सोपा वाटतो, पण कॉलरची दोन्ही टोकं सारखी आणणं आणि कफला चुण्या नीट बसवणं भल्याभल्यांना जमत नाही. पहिल्या शर्टाची एक बाही दुसरीपेक्षा अर्धा इंच मोठी झाली. दुसऱ्याची कॉलर एका बाजूला कान टवकारून बसायची. तिसरा त्याच्या वडिलांनी पुतण्याच्या लग्नात घातला आणि पंगतीत शेजारच्याला कॉलर वाकवून दाखवली. पहिले दोन ते अजून बागेला पाणी घालताना घालतात.